चेतनाच्या हातचा बिल्ला

३ जानेवारी, कोरीट
आजपासून शांत. ओरडणं बंद. (कॉलेज सुटलं ते लॅबवाल्या सरांच्या स्वभावामुळे. माझा दोष शून्य.) गावातल्या पोरांसाठी चेतना ग्रुप चालवते, तो जॉइन केला. ज्याची जी आवड, त्यात काहीतरी करून दाखवायचं. मग बिल्ला. चेतना स्वतः शर्टावर लावते. स्वतः!
तिने माझी आवड विचारली. खरं उत्तर ओठावर होतं, पण समोर पोरं. म्हणालो, पक्षी. तिला पक्षी आवडतात.

७ जानेवारी, सकाळ
मिरचीच्या पथारीवर मैना येतात म्हणे. गेलो. चहूकडे लाल मिरची वाळत घातलेली. शिंकांवर शिंका. मैना पसार. पथारीवाले उदेसिंगकाका म्हणाले, "पाखरे देखाले उना का उडावाले?" भांडलो नाही. फक्त त्यांचं घमेलं फेकलं.
संध्याकाळी चेतनाने सुजलेले डोळे पाहून विचारलं, "रडना का रे?" मी नाही म्हणालो नाही. प्रगती आहे.

१२ जानेवारी
ग्रुपला शेतावर नेऊन बगळा दाखवला. आठवीतली रोशनी, जिला पंक्चर काढण्याचा बिल्ला आहे, म्हणाली, "दादा, तो बगळा नई शे, भाईदासबाबाना सदरा शे." वाळत घातलेला. सगळे हसले. मी दुर्बीण आपटली. ती चेतनाची निघाली.
चेतना शांतपणे म्हणाली, "तुले मनपाईन काय आवडस ते कर." हिंट स्पष्ट आहे.

१९ जानेवारी
चेतनाला भरीत आवडतं. म्हणून आवड बदलली: स्वयंपाक. आई म्हणाली, "घरमा कधी चहा नई करा, आते भरीत!" दुर्लक्ष केलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या-लसूण ठेचला, पातीचा कांदा घातला. पोरांनी पातेलं चाटलं. बिल्ला मंजूर!
विचित्र म्हणजे दुपारभर कोणावर ओरडलो नाही. चेतनाचीही आठवण झाली नाही. धुरामुळे असेल.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर बिल्ले. इस्त्रीचा शर्ट. छाती पुढे. चेतना माइकवर लाजत म्हणाली, बिल्ले प्रमुख पाहुणे लावतील. नवापूरचे भाग्येश. पोल्ट्रीवाले. तिचे होणारे.
त्याने पिन शर्टातून थेट छातीत घातली. वर म्हणाला, "भाऊ, लगनले भरीत तुमनाच हातनं पाहिजे." चेतना म्हणाली, हेमकांत नाही म्हणणारच नाही.
तोंडावर सुनावायचं होतं. तोंडातून निघालं, "माणसं किती?"
चारशे.
उद्या साफ नकार कळवणार. माझाही काही मान आहे.
वांगी मात्र मोठी, हिरवीच लागतील. नवापूरला मिळतात का, विचारून ठेवतो.