देशाची सुट्टी आणि माझे दार

उधना, सुरत
१९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आज माझी सुट्टी. सकाळी नळाला पाणी आले, ते भरले. कपडे धुऊन वाळत घातले. दुपारी खिचडी केली आणि खाल्ली. कोणी आले नाही.

ती. बळीरामभाऊ यांस,

शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी चहातली साखर सोडली की नुसती आमच्यासमोर सोडली होती? मी बरा आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही. मागच्या वेळी आपण दोघांनी एकमेकांना बराच वेळ ‘हॅलो’ म्हटले आणि फोन ठेवला. वहिनींना तुम्ही काय सांगितलेत कोण जाणे, पण त्यांनी नंतर शेजारच्या उषाबाईंना फोन करून ‘दाजींची तब्येत बरी नाही का’ असे विचारले.

तुमच्या बहिणीचे, आमच्या रुक्मिणीचे दहावे आटोपून तुम्ही गावी निघालात, तेव्हा म्हणाला होतात की आता दारावर सांत्वनाला माणसे येतील, तेवढे सांभाळ. सांभाळले. पण भाऊ, गावाकडे दारावर जायचे वार ठरलेले असतात. चार वार माणसे येतात, तीन वार घरच्यांना मोकळीक मिळते. इथे सुरतेत ज्याची सुट्टी ज्या वारी, तो त्या वारी दारावर येतो. आमच्या गल्लीत साडी मार्केटवाल्यांना रविवार, कडोदऱ्याला लूमवर जाणाऱ्यांना सोमवार, डाइंगवाल्यांना शुक्रवार. सचिन भागातल्या केमिकलवाल्यांची सुट्टी तर पाळीप्रमाणे पुढे सरकते, त्यामुळे ते कधी येतील ते त्यांनाही माहीत नसते. आमच्या मिलला बुधवार. म्हणजे माझ्या दारावर आठवड्याचे सातही दिवस माणसे. मी फोल्डिंग खात्यातून घरी येतो तर उंबऱ्याबाहेर चपला. मी हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसतो. ते म्हणतात, ‘फार वाईट झालं.’ मी मान हलवतो. मग ते आपसात रुक्मिणीबद्दल बोलतात आणि मी सतरंजीकडे बघतो. (ही सतरंजी सोसायटीची आहे. मोठी आहे, घडी घालायला दोन माणसे लागतात. रोज माणसे येत म्हणून ती उचलायची वेळच आली नाही.)

तर अशाच एका संध्याकाळी वाल्मिकभाऊ आले. हे आमच्या सोसायटीचे चेअरमन, पूर्वी लूमवर मुकादम होते. त्यांचा पुतण्या लोकेश दुबईला आहे. तो म्हणे सांगत होता, की तिथे आधी शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, मग वरून हुकूम आला आणि ती शनिवार-रविवार झाली. सगळ्या देशाची सुट्टी एका कागदावर हलली. हे ऐकल्यापासून वाल्मिकभाऊंना झोप नाही. त्यांचे म्हणणे असे, की आपला देश एवढा मोठा आणि त्याच्या सुट्टीचा पत्ता नाही. कोणीतरी दिल्लीला कळवले पाहिजे. आणि ‘कोणीतरी’ म्हटले की आपल्या देशात कोणीच कळवत नाही, म्हणून आपणच कळवायचे. त्यासाठी सभा घ्यायची. सभा कुठे घ्यायची, तर शालिग्रामच्या घरी, कारण सतरंजी अंथरलेलीच आहे आणि माणसेही बसलेलीच आहेत.

मी काही बोललो नाही. मी बोलत नाही याचा अर्थ माझी हरकत नाही, असा इथे सर्वांचा समज आहे.

सभा झाली. अध्यक्ष नागनाथराव, शेजारचे, रेल्वेतून निवृत्त. त्यांनी सर्वांना जयभीम घातला, रुक्मिणीसाठी सर्वांना उभे करून शांतता पाळायला लावली (हे मला आवडले) आणि बसल्याबरोबर जाहीर केले की रेल्वेत सुट्टी नसते, ‘रेस्ट’ असते, त्यामुळे देशालाही रेस्ट द्यावी. फरक काय, असे विचारल्यावर म्हणाले, रेस्टच्या दिवशी बोलावले तर जावे लागते. हा मुद्दा मागे पडला.

वाल्मिकभाऊ शनिवार-रविवार म्हणाले. डाइंगमधला चिंधा उठला आणि म्हणाला, शनिवारी मारुती, मटण नाही. सोमवारी महादेव, मटण नाही. गुरुवारी तर विचारूच नका. जी सुट्टी कोरडी जाते ती सरकारने देऊन उपयोग काय? त्याच्या मते देशाची सुट्टी रविवार आणि बुधवार असावी. पण ते दोन दिवस एकमेकांना लागून नाहीत, असे कोणी म्हटले, तर चिंधा म्हणाला, ‘काल खाल्लेलं पचायला मधी दिवस नको का?’ यावर बराच वेळ खरोखर विचार झाला. मग कोणीतरी म्हटले की सगळ्या देशाला एकाच दिवशी सुट्टी दिली तर त्या दिवशी लोचो कोण वाफवणार आणि आपण सुट्टीला खाणार काय. म्हणून लोचोवाल्यांना देशाबाहेर ठेवावे, असा ठराव झाला. सोमवार मात्र एकमताने पडला, कारण सोमवारी न्हावी बंद असतो.

तोवर उषाबाई दारातच उभ्या होत्या. त्या आणि रुक्मिणी वर्षानुवर्षे शेजारी शेजारी बसून साड्यांवर स्टोन चिकटवत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या अहिराणीतच कडाडल्या, ‘आम्हले कोनता वार सुट्टी शे, ते सांगा ना आधी!’ वाल्मिकभाऊ म्हणाले, वहिनी, हा देशाचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, ‘मंग मी काय दुबईनी शे का?’ शेवटी ‘चुलीला पंधरा दिवसांतून एकदा’ असे कागदाच्या तळाला बारीक अक्षरात घालायचे ठरले.

आता आली अडचण. दोन सुट्ट्या कोणी देणार नाही म्हणून एकच मागायची, पण ती रविवार की बुधवार, यावर बरोबर निम्मी निम्मी सभा. नागनाथरावांनी मत द्यायला नकार दिला, कारण अध्यक्ष म्हणजे गार्ड, गाडी तो चालवत नाही. तेव्हा वाल्मिकभाऊ म्हणाले, शालिग्राम कोणत्याच बाजूचा नाही, दुःखातला माणूस खोटे बोलत नाही, त्यालाच विचारू. आणि त्याने जो वार सांगितला, तो दिल्लीचे उत्तर येईपर्यंत आपल्या गल्लीचा. पूजा, सभा, दारावर जाणे, सगळे त्या एका वारी. ज्यांना त्या दिवशी काम असेल त्यांनी पाळीच्या आधी नाहीतर नंतर यावे.

भाऊ, मी पटकन हिशेब केला. बुधवार म्हटले तर सगळी गल्ली माझ्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर. रविवारी मी मिलमध्ये असतो. मी म्हणालो, ‘रविवार.’ टाळ्या पडल्या. वाल्मिकभाऊंनी माझा हात हातात घेतला. एवढी देशभक्ती माझ्याकडून कोणाला अपेक्षित नव्हती.

सभा मात्र संपेना. सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, मुकाट उठून जातात. पण आभार मानल्याशिवाय सभा सोडत नाहीत, असे नागनाथरावांचे म्हणणे. आभार मानले की माणूस सवयीने ‘येतो’ म्हणणारच. म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी उषाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली, त्या धावल्या आणि त्यांच्या मागून एकेक करत सगळे सटकले.

तेव्हापासून गल्ली रविवारी दारावर येते. मी मिलमध्ये. किल्ली उषाबाईंकडे असते. त्या दार उघडतात, लोक बसतात, एकमेकांनाच सांगतात की फार वाईट झालं, एकमेकांकडे बघून मान हलवतात आणि न सांगता उठून जातात. मी संध्याकाळी येतो तेव्हा घर नीट आवरलेले असते. इतर दिवशी कोणी येत नाही. मला हवी होती तशी शांतता आहे. बुधवारी तर नळ आणि मी.

दिल्लीहून अजून उत्तर नाही. वाल्मिकभाऊ म्हणतात, तिथे बहुतेक सुट्टी असेल.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

आपला,
शालिग्राम

ता. क. माझे उत्तम चालले आहे, असे वर लिहिले नसले तरी तसे समजावे.

ता. क. २. ते समजू नये. गेल्या रविवारी मी आलो तेव्हा उषाबाई किल्ली द्यायला आल्या आणि हसू दाबत होत्या. मी कारण विचारले. (मी विचारले, हे त्यांनाही नवीन होते.) म्हणाल्या, आज सगळे पोट दुखेपर्यंत हसलो, रुक्मिणी तुमची नक्कल करायची ती चिंधाच्या आईने करून दाखवली. मी म्हणालो, मी बोलतच नाही तर नक्कल कशाची? त्या म्हणाल्या, ‘ते सांगता येत नाही, पहावं लागतं.’ आणि कुकर बघायला गेल्या. इतकी वर्षे ती माझी नक्कल करत होती आणि मला कळलेसुद्धा नाही. मिलमध्ये दोन दिवस मी तेच आठवत होतो. रविवारी सुट्टी मिळते का ते साहेबांना विचारले. म्हणाले, रविवार का, देशाची सुट्टी बदलली की काय?

ता. क. ३. तेव्हा विनंती अशी, की तिने ती नक्कल माहेरी नक्कीच केली असणार आणि तुम्ही ती पाहिली असणार. भुसावळकडून येणाऱ्या कोणत्याही गाडीने या, पण बुधवारी या. बसा आणि करून दाखवा. गुडघा दुखत असेल तर बसल्या बसल्या केली तरी चालेल. इथे बोलायला लागत नाही.

सतरंजी अजून अंथरलेलीच आहे. एक टोक दाराच्या कडीत अडकवले की एकट्यालाही घडी घालता येते, हे मला आज कळले. ती घालतो आणि पत्र टाकायला जातो.