हातगुण कोणाचा

भाऊ, आज शुक्रवार आहे. आमचं क्लिनिक बंद असतं, घरातली माणसं उशिरापर्यंत झोपतात, आणि इथे आखातात, गुदैबियातल्या या जुन्या बिल्डिंगीत सकाळी दहापर्यंत खालच्या हॉटेलातल्या भांड्यांशिवाय कशाचा आवाज नसतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला असं पत्र कधी लिहिलं नाही. पत्र आईला असायचं, आणि शेवटी जागा उरली तर 'भाऊंना नमस्कार'. आज लिहायला बसले ती एका म्हाताऱ्या ग्रीक माणसामुळे. तो गेल्या आठवड्यात त्याच्या देशात परत गेला. जायच्या आधी त्याने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर द्यायला मला दोन खेपा लागल्या.

तुम्हाला माझं इथलं काम माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डवर होते. आता बारा वर्षं सलमाबादला एका लहान क्लिनिकमध्ये आहे, ड्रेसिंगच्या खोलीत. आजूबाजूला सगळी वर्कशॉपं, गोदामं आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती. ग्राइंडरने कापलेली बोटं, वेल्डिंगचे चटके, पायात घुसलेले खिळे, असं सकाळपासून चालू असतं. बिहारचे, नेपाळचे, आंध्रचे लोक येतात. एकमेकांना सांगतात, "सिस्टर का हाथ हलका है." कोणी विचारलंच, कुठे शिकलात, तर माझं उत्तर ठरलेलं असायचं. "मेरे पिताजी डॉक्टर थे." लोक मान डोलवायचे. त्यांना ते पटायचं. मलाही पटायचं.

डॉक्टरांचा तो मोठा फोटो तुम्ही रोज पुसायचात. दवाखान्यात शिरलं की समोर फोटो, चंदनाचा हार, खाली उदबत्तीचं घर. मला वडील म्हणून तेवढेच माहीत. खाडीपलीकडे एका अडलेल्या बाईला सोडवायला गेले, बाळ-बाळंतीण सुखरूप ठेवली, आणि परत येताना होडीतच छातीत कळ येऊन गेले. तेव्हा मी दीड वर्षाची होते. पुढे माझ्याबरोबर त्यांच्या गोष्टीही वाढत गेल्या. मी पहिलीत असताना त्यांनी बुडालेल्या एका कोळ्याच्या पोटातलं पाणी काढून त्याला शुद्धीवर आणलं होतं. मी सातवीत जाईपर्यंत तोच कोळी मेलेला होता आणि डॉक्टरांनी त्याला उठवला होता. म्हाताऱ्या बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, "बापाचा हातगुण उतरलाय गो पोरीत." तुम्ही तिथेच काउंटरपलीकडे मिक्श्चरच्या बाटल्यांवर डोसांच्या खाचा कापलेल्या पट्ट्या चिकटवत असायचात. वर बघायचा नाहीत.

तुम्ही डॉक्टरांचे कंपाउंडर. ते गेल्यावर नवे डॉक्टर आले, त्यांच्या हाताखालीही तुम्हीच. तीन वर्षांनी तुम्ही आईशी लग्न केलंत. गाव काय काय बोललं ते मला फार उशिरा कळलं. गाव तुम्हाला भाऊ म्हणत होतं, मीही भाऊच म्हणत राहिले. कोणी मला दुसरं काही म्हणायला लावलं नाही. तुम्ही तर नाहीच.

मला तो दिवस आठवतो. मी दहा-अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी आहे आणि मी दवाखान्यात तुमच्या मागे मागे फिरते आहे. एक मासेवाली आली आहे, पायाला आठ दिवसांची पट्टी, रक्ताने वाळून कातडीला चिकटलेली. तुम्ही सिरिंजा उकळायला ठेवताय तेवढ्यात मी मोठेपणाने पुढे होते आणि पट्टीचं टोक धरून ओढते. ती बाई ओरडत नाही, फक्त बाकाची कड घट्ट धरते. तुम्ही मला दंडाला धरून बाहेर पायरीवर बसवता. तुमचा आवाज चढत नाही, म्हणून जास्त लागतो.

"का ओढलीस?"

"लवकर निघावी म्हणून."

"घाई तुला होती की तिला?"

मग थोड्या वेळाने तुम्हीच मला आत बोलावता. कोमट पाण्याचं भांडं माझ्या हातात देता आणि त्या बाईला विचारता, "हिच्या हातून चालेल ना?" ती माझ्याकडे बघते, हो म्हणते. मी पाणी सोडत राहते. तुम्ही म्हणता, पायाकडे नंतर बघ, आधी तिच्या तोंडाकडे बघ, दुखलं की तिथे आधी कळतं. पट्टी आपोआप सुटून आली तेव्हा अर्धा तास गेला होता आणि बाहेर लोक ताटकळले होते. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. घरी जाताना मला म्हणालात, "आज जमलं तुला."

भाऊ, मला जे काही येतं ते त्या अर्ध्या तासातलं आहे. कॉलेजात मी नावं शिकले, औषधं शिकले, इथे येऊन मशीनं शिकले. हात तिथेच तयार झाला होता.

आणि तरीही मी तो समारंभ केला. मी नर्सिंग पास झाले त्या वर्षी गावाने डॉक्टरांच्या नावाची नवी खोली बांधली, दवाखान्याला लागून. मला स्टेजवर बसवलं. मी बोलले. आठवणीत नसलेल्या माणसाबद्दल मी पंधरा मिनिटं बोलले, त्यांनी मला ही वाट दाखवली, त्यांचा हात माझ्या पाठीवर आहे, माझ्या बोटांत त्यांचीच बोटं आहेत, असं बरंच. लोकांनी डोळे पुसले. तुम्ही मागे खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतून बाकं आणवत होता, मग चहाकडे बघत होता. त्या पंधरा मिनिटांत तुमचं नाव आलं नाही. मी विसरले नव्हते. भाषण लिहिताना एका जागी लिहिलं होतं आणि वाचून बघितल्यावर खोडलं होतं. डॉक्टरांच्या शेजारी कंपाउंडर, ते वाक्य मला बसकं वाटलं. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "छान बोललीस. शेवटपर्यंत ऐकू आलं."

आता त्या ग्रीक माणसाचं सांगते. तो जहाजांच्या पंपांचा जुना मिस्त्री, इंजिनिअर म्हणा. पूर्वी गोदीत नोकरीला होता, मग सलमाबादच्या एका वर्कशॉपात सल्ला द्यायला राहिला. नईम भागात एकटाच राहायचा. साखरेचा आजार, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम. बाहेरच्या सर्जनने सांगितलं होतं, भरली नाही तर पाऊल काढावं लागेल. एक दिवसाआड तो माझ्याकडे येई. त्याला जखम बघायची भीती वाटायची. मी पट्टी भिजवायला लागले की तो छताकडे बघून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणायचा, चार-पाच ओळी, पुन्हा पुन्हा. आपल्याकडे बायका विहिरीवर स्तोत्र पुटपुटायच्या तसं. एकदा मी विचारलं, हे काय आहे.

"जुनं आहे. फार जुनं. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी पाठ करून घेतलं. तुमच्या धंद्यातल्या देवाचं आहे, बरं करणाऱ्या देवाचं. अस्क्लेपिअस."

"काय मागितलंय त्यात?"

"काहीच नाही. ओळख सांगितली आहे. बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण, कुठल्या मैदानावर जन्मला. मग म्हणायचं, तू माणसांची दुखणी शमवतोस, तुला नमस्कार. खलास."

मी म्हटलं, आमच्याकडेही असंच असतं. मारुतीला हाक मारायची तर आधी वायूचा मुलगा, अंजनीचा मुलगा. त्याला ते आवडलं. पुढच्या खेपांना तो एकेक गोष्ट सांगू लागला. या देवाचा बाप अपोलो, उजेडाचा देव. आई साधी राजकन्या, माणसातली. देवांनी रागावून तिला मारलं आणि चितेवरून बापाने तिच्या पोटातलं मूल काढून घेतलं. मूल काढलं, पण वाढवलं नाही. नेऊन दिलं डोंगरातल्या एका गुरूला. तो कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा. त्याला सगळी झाडपाल्याची औषधं माहीत. त्याने पोराला जखम बांधायला शिकवलं, मुळ्या ओळखायला शिकवलं. पुढे हा एवढा मोठा वैद्य झाला की मेलेलेही उठवायला लागला, आणि त्याबद्दल मोठ्या देवाने त्याला वीज टाकून मारला. त्यांच्याकडचे बाकीचे वीरही असेच, म्हणाला. बाप आकाशातला, आणि घरात दुसराच कोणीतरी त्यांना भरवणारा. गाण्यात आधी आकाशातल्याचं नाव.

मी विचारलं, "आणि तुमच्या त्या पाच ओळींत घोडा येतो?"

त्याने मनातल्या मनात म्हणून बघितलं. "नाही. मोठ्या गाण्यांत येतो म्हणे. आम्ही पाठ केलं त्यात नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही सगळ्यांना सांगता तुमचे वडील डॉक्टर होते. मग तुमचा घोडा कोण?"

मी हसले. म्हटलं, वडील गेले तेव्हा मी दीड वर्षाची होते.

"मग ही पट्टी अशी भिजवून काढायला कोणी शिकवलं?"

"आमच्याकडे एक कंपाउंडर होते," मी म्हटलं.

आमच्याकडे एक. भाऊ, हे शब्द माझ्या तोंडून निघाले, पन्नाशीच्या बाईच्या. समोर गाव नव्हतं, स्टेज नव्हतं, फोटो नव्हता. हजारो मैलांवर, तुम्हाला न ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्यापुढे, मी तुम्हाला पुन्हा काउंटरच्या पलीकडे उभं केलं. त्याने मान हलवली आणि छताकडे बघितलं. माझे हात काम करत होते, पण त्या दिवशी मी त्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा पाणी ओतायच्या आधी मी म्हटलं, "परवाचं उत्तर चुकलं होतं. ते कंपाउंडर माझ्या आईचे यजमान. मला त्यांनी वाढवलं. हे सगळं त्यांचं आहे."

"नाव काय?"

मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. त्याने ते दोनदा म्हणून बघितलं, त्याच्या जिभेला जमेल तसं, चुकीच्या जागी जोर देऊन. या देशात तुमचं नाव मोठ्याने उच्चारलं गेलं ते पहिल्यांदा. मला गॉज आणायचं निमित्त करून आतल्या खोलीत जावं लागलं.

त्याचा अंगठा वाचला नाही. पाऊल वाचलं. सर्जननेच फोन करून सांगितलं, आता हे भरेल. तो जायला निघाला तेव्हा काठी टेकत निरोप घ्यायला आला. मी त्याला म्हटलं, तिकडे गेल्यावर ड्रेसिंग चुकवू नका. "इंशाल्ला," तो म्हणाला, इथल्या सगळ्यांसारखा, आणि त्याच्या त्या पाच ओळी म्हणत जिना उतरला.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. तिला आता नीट ऐकू येत नाही, ओरडून बोलावं लागतं. मी विचारलं, त्या समारंभाच्या दिवशी भाऊंना वाईट वाटलं होतं का गं? मला वाटलं, कुठला समारंभ विचारेल. तिने लगेच सांगितलं. "मी विचारलं होतं त्यांना. मी चिडले होते तुझ्यावर. ते म्हणाले, डॉक्टरांना ही पोर धड बघायलासुद्धा मिळाली नाही. माझ्याकडे सगळी आहे. तेवढं भाषण तरी त्यांच्याकडे जाऊ दे."

आई पलीकडून हॅलो, हॅलो करत होती.

तेव्हापासून तुम्ही सारखे दिसता. अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं आणि तोंडावर वाफ आली की तुम्ही दिसता. एखादा कामगार डोळे मिटून हात पुढे करतो तेव्हा वाटतं, तुम्ही शेजारी उभं असावं आणि नुसतं बघावं. बाकी काही नको, शाबासकी नको. मी पट्टी सोडवावी आणि तुम्ही बघावं.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. दाखवलं तर आई वाचून घेईल कोणाकडून, आणि यातली एक गोष्ट तिला कळता कामा नये. तुम्ही गेलात तेव्हा मी तिला सांगितलं, मला लीव्ह मिळाली नाही. तिने ते सगळ्या गावाला सांगितलं, तिकडे फार कडक असतं हो, बिचारीला सोडलं नाही. खरं असं आहे की मी लीव्ह मागितलीच नाही. ऑफिसातून फॉर्म आणला होता. वडील वारले तर लगेच सोडत. त्यात मयताशी नातं लिहायचं होतं. 'वडील' लिहिलं तर माझ्या कागदपत्रांवरचं वडिलांचं नाव वेगळं, प्रश्न विचारतील असं वाटलं. दुसरं काही लिहावं तर हात होईना. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ड्यूटीवर गेले. फॉर्म देणारी बाई चांगली होती, भाऊ. तिने काहीच विचारलं नसतं.