आईच्या गळमिठीची गोष्ट

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस, आई बरी आहे. बरी नाही ती मी, आणि त्याला कारण तू. मागे आठ दिवस राहून गेलीस तेव्हापासून मी तुझ्यावर जळते आहे. घे, लिहून टाकलं.

सहा वर्षं आईला पलंगावरून खुर्चीत नि खुर्चीतून पलंगावर मी करते. तू दवाखान्यात माणसं उठवायला रीतसर शिकलीस, मान्य. पण तू तिला एकदाच खुर्चीत बसवलंस आणि ती म्हणाली, “हिच्या हातात दुखत नाही गं.” मी तिथेच उभी होते, सुपाचा वाडगा घेऊन. म्हणजे माझ्या हातात सहा वर्षं दुखत होतं, आणि मला पत्ताच नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यावर तू मला शिकवायला बसलीस. पाय फाकवून उभी राहा, गुडघ्यांत वाक, माणूस अंगाशी घे, कमरेत पिळू नकोस, वळायचं तर पावलं वळव. शिलाई मशीनवर बसते तेव्हा माझी पाठ कशी धनुष्यासारखी होते तेही दाखवलंस. मी हो हो म्हटलं. पण एक गोष्ट काही पचली नाही. आईला गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत, तिच्या कमरेला तू आणलेला तो कड्यांचा पट्टा बांधायचा आणि त्या कड्यांना धरून उठवायचं, नाहीतर माझी मान आणि कंबर दोन्ही जातील, असं तू म्हणालीस. अगं, तुला काय माहीत? लहानपणी तू तिच्या कडेवर आणि मी पिशव्या सांभाळत मागे. म्हातारपणी का होईना, दिवसातून चारदा ती माझ्या गळ्यात हात घालत होती. तेवढंही हिला बघवेना, असं मला वाटलं. तुझी पाठ वळल्याबरोबर मी तो पट्टा माळ्यावर टाकला आणि पुन्हा मान पुढे केली. मुद्दाम.

महिन्यापूर्वी तिला तशीच गळ्याशी घेऊन वळले आणि कमरेतून अशी कळ गेली की मी खालीच बसले. आई अर्धी पलंगावर, अर्धी माझ्या अंगावर. शेजारीण धावली म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असं केलंत तर आईच्या शेजारी तुमचाही पलंग लावावा लागेल. मग तिचं कोण करणार? साडेतीन आठवडे शेजारणीने केलं. मी गादीच्या वळकटीला पट्टा बांधून ती उचलायला शिकले. हसू नकोस.

सोमवारी पहिल्यांदा आईला तसं उठवलं. सगळा जीव गुडघ्यांत, त्यामुळे तोंडातून शब्द नाही. तिला आता डोळ्यांनी नुसत्या सावल्या दिसतात. खुर्चीत अलगद टेकली आणि खूश होऊन म्हणाली, “बारके, कधी आलीस?”

मला इतका राग आला की मी म्हटलं, आत्ताच. आपला आवाज सारखाच, फोनवर सगळेच फसतात. तीही फसली. वाटलं, आता चांगलं कौतुक ऐकू तुझं. तर ती लगेच दाराकडे तोंड करून बसली. ताई कुठे गेली? जेवली का? तिला बोलाव ना, तिच्याशिवाय मला करमत नाही. सहा वर्षांत माझं नाव इतक्या वेळा तिने घेतलं नव्हतं. कशाला घेईल, मी कधी लांब गेलेच नाही!

आज चौथा दिवस. खरं सांगायला तोंड उघडते आणि गप्प बसते, कारण अजून एकदा ऐकावंसं वाटतं. पण काल ती वाट बघत जेवलीच नाही. म्हणून लिहिते. मिळेल ती गाडी पकडून ये. तू तिच्यापाशी बस, म्हणजे मला ताई म्हणून बाहेरून घरात येता येईल.

तुझीच, जळकुटी,
ताई