दादाची चौकशी

१० ऑक्टोबर १९७१
दादाचं पत्र! आठ वर्षं बर्मिंगहॅममध्ये काढल्यावर श्रीरंगदादाला आता घर आठवलं. आमच्याच तोफांच्या सरकारी फॅक्टरीत असिस्टंट फोरमनच्या जागेसाठी अर्ज केलाय. निवड झाली तर कायमचा येतो म्हणे, नाहीतर तिथेच घर घेतो. म्हणजे मी चार्जमन, आणि दादा माझ्या डोक्यावर बसणार. अण्णांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. माझ्याकडूनच.

१४ ऑक्टोबर
अण्णांचं फर्मान — "आतली खोली खाली करा. श्रीरंगला थंडी सोसत नाही." आठ वर्षं बर्फात राहिलेल्याला जबलपूरची थंडी सोसत नाही! क्वार्टर माझ्या नावावर आहे. अण्णांची पाठ मी चोळतो, धोतरं प्रतिमा धुते. पण लाडका मुलगा तो! दुरून डोंगर साजरे.

३ नोव्हेंबर
दादाची निवड झाली. आता फक्त पोलिस चौकशी बाकी. अण्णांनी मला कमानिया गेटला पिटाळलं, खोव्याची जलेबी आणायला. आणली. मीही खाल्ली. गोड लागली नाही.

४ नोव्हेंबर
प्रतिमा म्हणते, "दादा आले तर बरंच आहे न. अण्णांचं ते पाहतील." बायकोही तिकडचीच.

५ डिसेंबर
लढाई सुरू. बारा तासांची पाळी. खिडक्यांना काळा कागद लावला. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, मी दारात शिरलो, की अण्णांचं एकच — "श्रीरंगचा कागद आला काय?" देशाचं काही नाही!

८ डिसेंबर
चौकशीवाला आला. अण्णा अंगणात उन्हाला बसले होते, मी त्याला आत घेतलं. "भाईसाहब का वहाँ उठना-बैठना किन लोगों में है?"
दादा तिथे बशीरमियाँच्या घरात भाड्यानं राहतो. बशीर लाहोरचा. दादाला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याच्या बायकोनं महिनाभर पेज करून पाजली, दादाच्या पत्रात सगळं आहे. पेजेचं मी सांगितलं नाही. लाहोरचं सांगितलं. फोटोही काढून दिला — दादाच्या मांडीवर बशीरची मुलगी.
खोटं एक अक्षर बोललो नाही! त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. "आप जैसे लोग कम हैं, विनय जी."
तो गेल्यावर प्रतिमा म्हणाली, "फोटो काहून दिला?"
"लढाई चालू आहे," म्हटलं. लाज वाटली नाही. बरं वाटलं.

१७ डिसेंबर
जिंकलो! फॅक्टरीत आमच्या शॉपमध्ये पेढे वाटले.

२७ डिसेंबर
दादाची निवड रद्द. कारण दिलेलं नाही. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले, जेवले नाहीत. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

३० डिसेंबर
दादाचं पत्र. त्याला अजून कळलेलं नाही. लिहितो, "विन्या, आठ वर्षं अण्णांना तू एकट्यानं सांभाळलंस. आलो की सगळं माझ्याकडे. तुम्ही दोघं जरा मोकळे व्हा. बशीरची बायको प्रतिमासाठी स्वेटर विणते आहे."
पत्र अण्णांना वाचून दाखवलं नाही. प्रतिमालाही नाही. चुलीत घातलं.

३ जानेवारी १९७२
सकाळी गेटवर माझा पास काढून घेतला. कुटुंबाचा शत्रुराष्ट्राच्या माणसाशी संबंध, म्हणून नोकरीवरून काढलं. महिन्याभरात क्वार्टर सोडायचं. मी ओरडलो, "साहब, किसने लिखवाया ये?" साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला. खाली माझीच सही.
घरी सांगितलं. अण्णा म्हणाले, "घाबरू नको. श्रीरंगला तार कर. तो आला की पाहून घेईल."