पऱ्हाटीच्या पानांची परीक्षा

प्रताप नगर, नागपूर
२१ सप्टेंबर १९७५

प्रिय माय,

हे पत्र बाबांकडून वाचून घेऊ नकोस. चौथीपर्यंत शिकली आहेस, चष्मा लाव आणि सावकाश स्वतःच वाच. आधी बातमी सांगून टाकते, माझ्या पोटात राहायची नाही. माझी कार्डं रद्दीत जात नाहीत! काल ऑफिसात नत्थूजी शिपायाने सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले आणि मी एकटीने तीन खाल्ले.

तुला माझं काम कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या शेतकी ऑफिसात एका खोलीत पिकांच्या रोगांचे, किडींचे तीन हजार फोटो आहेत. पऱ्हाटी (ऑफिसात तिला कपाशी म्हणतात), संत्रा, ज्वारी, सगळ्यांचे. कोणी शेतकरी विचारायला आला की आम्ही फोटो काढून द्यायचा, त्याने आपल्या शेतातल्या रोगाशी ताडून पाहायचा, मग साहेब औषध सांगणार. पण तीन हजारांतून नेमका फोटो सापडायचा कसा? त्यासाठी कार्डं, प्रत्येकावर रोगाची खूण आणि फोटोचा नंबर. इंग्रजी कार्डांचा कप्पा आधीपासून होता. मराठीचा मी केला, शेतात बोलतात त्या शब्दांत, दोन वर्षं, दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता. गोपाळराव साहेब म्हणाले, जागा एकाच कप्प्याची आहे. परीक्षा घेऊ. हरेल तो कप्पा रद्दीत, आणि मराठी हरली तर तुम्ही परत टपालाच्या टेबलावर. माझं तर धाबंच दणाणलं.

परीक्षा अशी की भैयाजी कारकुनाने चाळीस प्रश्न काढायचे, काही मराठी, काही हिंदी, काही इंग्रजी. प्रत्येक प्रश्नाला दोन्ही कप्प्यांवरून पाच-पाच फोटो काढायचे. पाचांत बरोबर फोटो आला की एक गुण. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! आणि काय सांगू, माझा पार धुव्वा उडाला. इंग्रजीला सदतीस आणि मला पंधरा. भैयाजी मिशीतल्या मिशीत हसत होता. साहेब म्हणाले, सोमवारी रद्दीच्या हुकुमावर सही करतो. त्या रविवारी मी भांडी अशी घासली की घरमालकीण रंभाबाई खिडकीतून ओरडल्या, काहून वं, भांड्यायचा जीव घेऊन राहिली का?

सोमवारी सकाळीच कन्हानकडची सुभद्राबाई म्हणून एक शेतकरीण आली. म्हणाली, बाई, माह्या पऱ्हाटीची पानं आकसून राहिली, हाताले चिकट लागते. भैयाजीने इंग्रजी कप्पा उलथापालथा केला आणि तिच्यापुढे बोंडअळीचे फोटो ठेवले. ती बिचारी नुसती मान हलवत राहिली. मी माझ्या कप्प्यातून काढले, तर दोन नंबरच्या, माव्याच्या फोटोवर तिने टाळी वाजवली. हेच वं बाई, हेच!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या चाळीस प्रश्नांत असं बोलणारं एकही माणूस नव्हतं! मी भैयाजीला विचारलं, तुम्ही प्रश्न आणले कुठून? तो मोठ्या ऐटीत म्हणाला, इंग्रजी कार्डांवरची नावं घेतली आणि शब्दाला शब्द ठेवून मराठी-हिंदी केली, म्हणजे तिन्ही भाषांना न्याय सारखा. अरे देवा! म्हणजे कप्प्यानेच विचारायचं आणि कप्प्यानेच सांगायचं. कपाशीवरील मावा किडीचा प्रादुर्भाव, असं शेताच्या धुऱ्यावर उभं राहून कोण बोलतं गं? त्याच्या मनात खोट नव्हती, पण घोटाळा व्हायचा तो झालाच. मी तशीच साहेबांच्या खोलीत शिरले. सांगितलं की रोग ज्याच्या शेतात आहे त्यालाच विचारू द्या. हातात रोगट पान द्या, नाव सांगू नका, फोटो दाखवू नका, आणि तो बोलेल ते जसंच्या तसं लिहून घ्या. साहेबांनी सहीचा पेन टेबलावर ठेवला आणि मला आठ दिवस दिले.

मग काय, नत्थूजीला घेऊन मी कन्हानच्या बाजारात पोतं अंथरून बसले, पुढे रोगट पानांचा ढीग. धोंडबा नावाचे एक म्हातारे थांबून म्हणाले, सडका पाला विकून राहिली का वं बाई? सगळा बाजार हसला, मीही हसले. पण पान हातात दिलं की माणसं जी बोलायला लागत, थांबायचं नावच नाही! पांढुर्ण्याकडचे संत्रेवाले हिंदीत बोलले, पत्ता कोयले जैसा काला पड़ गया. इंग्रजी प्रश्नांसाठी कॉलेजातली मुलं गाठली. तिन्ही भाषांचे वीस-वीस जमवले.

काल निकाल लागला. आपल्या बोलीतल्या विसांत मला एकोणीस, इंग्रजी कप्प्याला सहा. इंग्रजी विसांत त्यांना अठरा, मला नऊ. हिंदीत मात्र दोघांचीही फजिती, मला आठ आणि त्यांना पाच. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, रद्दीत काहीच जाणार नाही. कपाट आणखी एक मागवू, हिंदी कार्डंही करू, आणि यापुढे परीक्षेचे प्रश्न बाजारातूनच आणायचे. माझं टपालाचं टेबल टळलं! भैयाजीने आपणहून चहा मागवला.

माय, आता इथून तुह्या बोलीत लिहितो, नाहीतर मले लिहिता येणार नाही. साहेबानं सगळ्यायसमोर इचारलं, हे आकसणं, चिकटणं, हे शब्द तुम्हाले कोणी शिकवले? माह्या मनात पहिले तुहं तोंड आलं. सहा वर्षाखाली तू माह्या कॉलेजच्या होस्टेलात आली होती, डोक्यावर संत्र्याची टोपली घेऊन, अन् मोठ्यानं हाका मारत. मैत्रिणीयनं इचारलं, कोण आहे? मी सांगतलं, आमच्या गावची बाई आहे. तू ऐकलं. टोपली ठेवली, अन् दुपारच्याच यष्टीनं परत गेली. तवापासून तू नागपूरले आली नाही, अन् मी बी कधी बोलावलं नाही. मले माफ कर वं माय. काल मी उभी राहून सांगतलं, हे शब्द माह्या मायचे आहेत. साहेब म्हणाले, मग त्यायले बोलवा, बाकीच्या फोटोयले नावं द्याले पंधरा दिवस पाहिजेत. तू येशीन का? मी यष्टी स्टँडवर उभी राहीन, नत्थूजी, भैयाजी, सगळ्यायले घेऊन. अन् तू उतरली का तुह्या आधी मीच मोठ्यानं हाक मारीन.

तुझीच,
पुष्पलता