सहा ओळींचा सूड

१४ मे, सकाळी
आज पहाटे उठलो, ओढ्याकाठच्या शेतदेवापुढे भाताचा घास ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने जाहीर केलं की रविवारपर्यंत टोकियो बेचिराख करणार. ऐकायला एक बगळा होता. तो उडाला. सुरुवात चांगली.

मागच्या महिन्यात आकाशयानवाल्या नागिसाने माझा किल्ला माझ्यासकट उडवला. उरलंसुरलं ताईच्या घरी पोचलं. तोकुजी दाजी गावची यंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी आपलं भातलावणीचं यंत्र मोडून त्याच्या भागांतून मला उभं केलं. आता मी पोलादी. पन्नाशी आली तरी गुडघे दुखत नाहीत.

१५ मे
मला उचलताना दाजींची कंबर धरली. ताई म्हणते, पाटाच्या पाण्याची आपली पाळी रविवारी संपते, आता लावणी कोण करणार? म्हणालो, ताई, मी जगाचा विध्वंसक आहे. म्हणाली, असशील, पण घरात येताना पाय पूस.
निश्चय : घरगुती प्रश्नांत पडायचं नाही.

१६ मे, दुपारी
टोकियोला निघालो. ताई म्हणाली, जातोच आहेस तर रोपांचे हे ट्रे पलीकडच्या बांधावर ठेव. पाठीवर घेतले. तिथे खाचा आहेतच, बरोबर बसले. वाफ्यात पाय पडला मात्र, आणि हात आपोआप सुरू. एका फेरीत सहा ओळी. गाडी चुकली.
शेजारच्या फुयुए आजी बांधावरून ओरडल्या, थांबलास का रे गेन्झो, लाजतोस काय! त्यांना बजावलं की ही युद्धापूर्वीची चाचणी आहे. म्हणाल्या, मग उद्या माझ्याकडेही कर चाचणी.

१७ मे
चाचणी लांबली. तीन वाफे झाले. शत्रूला गाफील ठेवणं, हाच डाव. मला आता खाता येत नाही, तरी ताईने जेवताना माझ्यापुढे वाटी ठेवली. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तिच्यापुढे बसून राहिलो.

१८ मे, रविवार
नागिसा स्वतःच आली. यान बांधावर उतरवलं. ताईने बांध फुटेल म्हणून खडसावलं, तेव्हा रस्त्यावर नेऊन लावलं. मी अखेरचं भाषण सुरू केलं. हात थांबेनात, म्हणून लावता लावताच केलं. तिने तोफ रोखली. दाजी कंबर धरून अंगणातून ओरडले, पोरी, उडवायचंच तर एवढा वाफा होऊ दे, संध्याकाळी पाणी बंद होतंय!
ती बांधावर बसली. ताईने दिलेले भाताचे चार गोळे खाल्ले. मग म्हणाली, काका, चौथी ओळ वाकडी आहे.
किल्ला उडाला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. ओळ उपटून पुन्हा लावली. मान वर केली तर यान गेलेलं. घाबरली असावी.

२० मे
दोन दिवस विचार केला. विध्वंसकाने वेशांतर करावं हे उत्तम. गावकचेरीत नोंदणी करायला गेलो. कारकून म्हणाला, विध्वंसक असा रकाना नाही, शेतीयंत्र असा आहे, आणि रस्त्यावर यायचं तर हिरवी नंबरपाटी लागेल. बरं म्हटलं. पाटी छातीवर धरून चारही स्क्रू स्वतः पिळले.
अर्जात एक जागा कोरी होती, मालकाची. तिथे दाजींचं नाव लिहिलं.