मोडीत न येणारा लॅपटॉप

२ जानेवारी, शुक्रवार

आमच्या भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर परातींचा गठ्ठा बांधत होतो. खाली घरात सूनबाई फोनवर — "नाही हो सर, घरी लॅपटॉप नाही. नाही जमणार." एवढंच! फोन ठेवला आणि हसऱ्या तोंडानं चहा घेऊन दुकानात आली.

कान तिखट आहेत माझे. नको ते ऐकतात.

जेवताना नीलाबाईला, आमच्या मंडळींना, विचारलं. लग्नाआधी सूनबाई, म्हणजे शिवांजली, लातूरला एका कंपनीचे हिशेब बघायची. त्याच साहेबाचा फोन होता, घरी बसून काम देतो म्हणत होता. नीलाबाई म्हणाली, "मी इचारलं, कावून न्हाई म्हणलीस? तर म्हणती, ऱ्हाऊ द्या आई."

एवढी शिकलेली पोरगी, आणि दिवसभर तांदूळ निवडती. हल्ली बोलणंही कमी झालंय. आमच्या घरात येऊन ती विझली तर दोष कुणाचा? लॅपटॉपपायी काम जाऊ द्यायचं नाही. घ्यायचा! पण तकलादू नको. ऐन कामात बंद पडला तर साहेब दुसरं माणूस बघणार.

४ जानेवारी

बसवेशनं — माझा लेक, शिवांजलीचा नवरा — मोबाईलवर कंपन्या दाखवल्या. प्रत्येकीखाली तारे. लोकांनी लिहिलेलं त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. पाच तारे देणाऱ्यांनी बहुतेक कालच खोकं उघडलेलं. "खूप छान, डिलिव्हरी वेळेवर." अरे, डिलिव्हरी वापरायची आहे का! एक तारा देणारा रागात लिहितो, त्यालाही निम्मंच धरायचं. दोन-तीन वर्षं वापरून तीन तारे देणारा — तो माझा माणूस. असे थोडेच सापडले, पण सगळ्यांचं रडगाणं एक — बिजागरी.

बसवेश म्हणाला, "अप्पा, लाखभर लोकांनी घेतलाय हा."

"घेतलाय रे. ठेवलाय किती जणांनी?"

६ जानेवारी

युसूफ वडगाव या गावी लग्नाची भांडी पोचवायला गेलतो. तिथं हरिओम नावाचा पोरगा ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्याचा लॅपटॉप चकचकीत, पण झाकण देवाच्या फोटोला टेकवून उभं केलेलं!

"हे काय रे?"

"अप्पा, बिजागरी गेली. देव हाय म्हणून उभाय." मग हळूच, "दिसण्यावर गेलो ओ. लई पस्तावलो."

कान लावून उघडझाक करून बघितली. कडकड वाजतंय. चिरलेल्या पितळेसारखा आवाज.

धारूरला परत आल्यावर स्वप्नाली मॅडमकडं गेलो. शाळेत शिकवतात, आपल्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा धातूचा, करड्या रंगाचा. स्कूटीवरून पडलाय, कोपरा चेपलाय, पण चालतोय. "जड आहे हो अप्पा, खांदा दुखतो. बाकी तक्रार नाही." मी टिचकी मारत बसलो तरी हसल्या नाहीत. उलट चहा दिला.

कंपन्यांची नावं इथं लिहीत नाही. लोकांनी घरातल्या माणसासारखं सांगितलंय.

८ जानेवारी

आज डोक्यात आलं. डबा कोणता टिकतो हे कंपनीचा माणूस कधी सांगत नाही. मोड सांगते! बाया जुनी भांडी मोडीत घालून नवी नेतात, तेव्हा कळतं — कुणाचा कान निखळतो, कुणाचं बूड फुगतं. सायकलवर भांडी बांधून खेडी हिंडत होतो तेव्हापासून मी मोड बघूनच माल भरत आलो. मग लॅपटॉपची मोड कुठं? दुरुस्तीवाल्याकडं!

जेवताना हे बोललो — म्हणजे मोडीचं, लॅपटॉपचं नाही. शिवांजली वाढता वाढता थांबली. "मग आपल्याकडं मोडीत जास्त काय येतं, अप्पा?"

"कुकर."

"एकाच कंपनीचे?"

"बहुतेक."

"आणि आपण अजून तोच विकतो?"

नीलाबाईनं पदर तोंडाला लावला. मी भाकरी मोडत बसलो. पोरगी तयारीची आहे!

९ जानेवारी

अंबाजोगाई. अजिनाथ दुरुस्तीवाला. फळीवर मेलेल्या लॅपटॉपांची उतरंड. "काका, कोणता घ्यायचा हे सांगत बसलो तर माझा धंदा बसंल," म्हणाला. पण स्टूल दिलं आणि एकेक उघडून दाखवला. चकचकीत वाण फळीवर ढिगानं. बिजागरीचे स्क्रू नुसत्या प्लास्टिकात बसवलेले. प्लास्टिक फुटलं की झाकण हातात. करडा धातूचा एकच होता, आणि त्यात चहा सांडलेला. मग बाकी काय बघायचं!

तसाच लॅपटॉपच्या दुकानात गेलो. कोपरा धरून उचलला, पिळून बघितला, टिचकी मारली. दुकानदार म्हणाला, "काका, मडकं हाय का ते?" सगळे हसले. मीही हसलो. घेतला.

येताना एस.टी.त मांडीवर धरून बसलो होतो. आपण घेतलेली वस्तू खराब निघाली हे कबूल करायला माणसाला जड जातं — आपणच फसलो म्हणून सांगायचं असतं ते. हरिओमनं सांगितलं. अजिनाथनं तर पोटावर पाय येत असताना सांगितलं. कोण लागतो मी त्यांचा? लई उपकार.

११ जानेवारी, रविवार

आमच्याकडं नाव टाकल्याशिवाय भांडं चुलीवर जात नाही. तेव्हा सकाळी नाव कोरायचं मशीन घेतलं आणि लॅपटॉपच्या झाकणावर माझ्या हातानं नाव टाकलं — सौ. शिवांजली बसवेश शेटे, धारूर. खाली छोटी वेल. अक्षर असं उठलं! दाबून टाकलं होतं, जन्मात पुसणार नाही असं.

दिला तिला. पाया पडली. नावावरून बोट फिरवत राहिली.

"साहेबाला फोन कर आता."

"करते, अप्पा."

१२ जानेवारी

पडद्यावर काळी उभी रेघ! काल नाव टाकताना मशीन थरथरलं, त्यानं मागून पडदा तडकला.

बसवेश कपाळाला हात लावून, "अप्पा! ते काय ताट हाय का?" कंपनीला फोन लावला, तिकडून बाई विचारते — बॉडीवर काही खोदलंय का? मी वेलीवर तळहात ठेवला. शिवांजली आधी तोंड दाबून, मग उघड, मग खाली बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर! किती महिन्यांनी हा आवाज ऐकला. पडदा गेला तो गेला. वसूल झाला.

१४ जानेवारी

संक्रांत. वाणाच्या वाट्या संपल्या. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. देवा, पोटभर दिलंस.

१६ जानेवारी

अजिनाथनं पडदा बदलून दिला. "काका, नाव तसंच ठिवलंय. आता जिल्ह्यातला एक चोर हात लावायचा न्हाई." लॅपटॉप ठणठणीत. ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी तिळगुळाचा डबा पाठवायचा — बसवेशला सांगितलं.

शिवांजलीनं साहेबाला अजून फोन केलेला नाही. दोनदा आठवण दिली. "करते" म्हणती. लाजत असेल. मागं लागायचं नाही.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी शिवांजली समोर येऊन बसली. "अप्पा, सरांना मी फोन करणार नाही. लॅपटॉप नाही असं मी म्हणाले, ते नुसतं टाळायला. ते काम मला नकोच होतं."

"मग काय पाहिजे, पोरी?"

"दुकानात बसायचंय."

आमच्या गादीवर बाई कधी बसली नाही. म्हणालो, "मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही हो म्हणाला असता?"

न्हाई म्हणलो असतो.

१९ जानेवारी

दुकान तिनं उघडलं. मी गिऱ्हाइकाच्या बाकावर बसलो. तिथून ऐकू छान येतं.